एसएनप्रिंटएफ लिनक्सवर चालते, विंडोजवर काहून रडते

नागपुरात सी ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत कोड लिहिणारे लोक अजून आहेत बरं का, आणि फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये नाही. मिहानच्या काचेच्या बिल्डिंगींमध्ये जे चालतं ते चालू द्या, पण वजनकाटा, बिलाचं मशीन, हजेरीचा डब्बा असल्या वस्तूंच्या आत जो कोड बसलेला असतो तो आजही बराचसा सीमध्येच असतो, आणि ह्या कामाची गंमत अशी की तोच कोड दोन-तीन ठिकाणी चालवून दाखवावा लागतो, सर्व्हरवर लिनक्स, गिऱ्हाईकाच्या काउंटरवर विंडोज (कोणत्या जमान्यातलं ते विचारू नका), आणि मालकाचा पोरगा पुण्याहून मॅकबुक घेऊन आला की तिसरं झंझट. मग एक वाक्य कानावर पडतंच: "काहून बे, लिनक्सवर तर चालते!"

ह्या वाक्याच्या मागे बऱ्याचदा एक साधं दिसणारं काम असतं. एक साचा घ्यायचा, त्यात आकडे आणि नावं भरायची आणि तयार मजकूर मेमरीतल्या एका ठराविक लांबीच्या जागेत ठेवायचा. कळमन्याच्या मार्केटमधल्या पावतीसारखं काहीतरी समजा: गाव, माल, वजन, भाव, एकूण. साच्यात "%एस" लिहिलं की तिथे नाव येतं, "%डी" लिहिलं की आकडा, "%.२एफ" लिहिलं की दशांशाचे दोन अंक. बस एवढंच. हे काम करणाऱ्या फंक्शनांचं एक आख्खं खानदान आहे, प्रिंटएफ, एसप्रिंटएफ, एसएनप्रिंटएफ, व्हीएसएनप्रिंटएफ, आणि लोकांना वाटतं की सी ही भाषा एक आहे म्हणजे ही फंक्शनंही सगळीकडे सारखीच वागत असतील. भाषा एक आहे हे खरं, पण ही फंक्शनं कंपायलरसोबत (कोडाचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) नाही तर त्या त्या सिस्टिमच्या रनटाईम लायब्ररीसोबत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचासोबत येतात, लिनक्सवर बहुतेक वेळा ग्लिबसी, विंडोजवर मायक्रोसॉफ्टची, मॅकवर ॲपलची, अँड्रॉइडवर बायोनिक, आणि प्रत्येकाने आपापल्या काळात आपापल्या डोक्याने लिहिलेली. नाव तेच, वागणं वेगळं.

आधी एसप्रिंटएफचा निकाल लावून टाकू. ह्या फंक्शनला जागा केवढी आहे हे सांगायची सोयच नाही, ते लिहीत जातं, जागा संपली तरी लिहीत जातं, आणि बाजूला जे काही ठेवलेलं असेल त्याच्यावर लिहून मोकळं होतं. ह्यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात, बफर म्हणजे मेमरीतली ती ठराविक जागा. गेट्स नावाचं असंच एक बेभरवशाचं फंक्शन सी११ मध्ये, म्हणजे भाषेच्या २०११ च्या अधिकृत नियमावलीत, स्टँडर्डमधून काढूनच टाकलं, एसप्रिंटएफ मात्र अजून आहे, पण ओपनबीएसडी ह्या सिस्टिमचा लिंकर (कोडाचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) ते दिसलं की वॉर्निंग देतो आणि ॲपलने मॅकओएस १३ च्या एसडीकेपासून (प्रोग्रामरसाठीचा साहित्यसंच) त्याच्यावर "वापरू नका" असा शिक्का मारला आहे. नवीन कोडात ते वापरायचं कारण मला तरी दिसत नाही, पुढे जाऊ.

तर मग एसएनप्रिंटएफ. ह्याला जागेची लांबी सांगता येते. इथे खरी मजा सुरू होते, कारण "जागा पुरली नाही तर काय करायचं" ह्या एका प्रश्नाची तीन-चार उत्तरं जगात फिरत होती आणि जुन्या कोडात अजून फिरून राहिली आहेत. एकच शब्द घेऊन जवळून पाहू. शब्द आहे "नागपूर". यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि न, काना, ग, प, ऊकार, र अशी ६ चिन्हं झाली म्हणजे १८ बाइट. सीमध्ये मजकुराच्या शेवटी एक शून्य बाइट लागतो, तो कुठे संपला ते त्याच्यावरूनच कळतं, म्हणून एकूण जागा पाहिजे १९.

आता एसएनप्रिंटएफला आपण जागा सांगितली १०. सी९९, म्हणजे सीचं १९९९ चं स्टँडर्ड, म्हणतं की ९ बाइट लिही, दहावा शून्य ठेव, आणि परत सांग १८, म्हणजे "पुरती जागा असती तर इतकं लिहिलं असतं". ग्लिबसी २.०.६ पर्यंत काय करायची, तर ९ लिहायची, शून्य ठेवायची, पण परत सांगायची उणे १, म्हणजे कमी पडलं एवढंच कळणार, किती कमी ते नाही. २.१ पासून ती सी९९ प्रमाणे वागू लागली. आणि मायक्रोसॉफ्टचं _एसएनप्रिंटएफ, समोर अंडरस्कोरवालं? ते पूर्ण १० बाइट भरतं, शून्यासाठी जागाच ठेवत नाही, आणि उणे आकडा परत देतं. म्हणजे तुमच्या हातात असा मजकूर आला ज्याला शेवटच नाही, पुढचं फंक्शन तो वाचत सुटलं की बाजूच्या मेमरीतला कचरा, पासवर्ड, काय असेल ते सगळं छापत जाईल.

ह्याहून वाईट केस आहे जागा बरोबर १८ सांगितली तर. सी९९ वालं १७ बाइट लिहितं, शून्य ठेवतं, परत देतं १८. _एसएनप्रिंटएफ १८ च्या १८ लिहितं, शून्य ठेवत नाही, आणि परत देतं... १८. परत आलेला आकडा सारखा! एकीकडे मजकूर कापला गेला पण बंद आहे, दुसरीकडे पूर्ण आहे पण उघडा आहे, आणि तुम्ही "उणे आलं का" एवढंच तपासत असाल तर दोन्हीकडे तुम्हाला सगळं आलबेल वाटेल. टेस्टिंगमध्ये हे कधीच सापडत नाही कारण नेमका तेवढ्याच लांबीचा शब्द यावा लागतो, आणि तो गिऱ्हाईकाकडेच येतो.

हे असं झालं कसं, तर कोणी मुद्दाम नाही केलं. हे फंक्शन आधी बीएसडी ह्या युनिक्सच्या शाखेत आलं, ४.४बीएसडी मध्ये, मग बाकीच्यांनी आपापल्या परीने उचललं, आणि स्टँडर्डने त्याला पक्कं केलं थेट १९९९ मध्ये. मधल्या काळात युनिक्सवाल्यांचं १९९७ चं एक स्पेसिफिकेशन आलं, त्यात जागा ० सांगितली तर १ पेक्षा लहान काहीतरी परत द्या असं होतं, सी९९ ने त्याच्या उलट म्हटलं की जागा ० असेल तर काहीच लिहू नका पण लांबी बरोबर सांगा. मायक्रोसॉफ्टने आपलं फंक्शन अंडरस्कोर लावून ठेवलं होतं, म्हणजे "हे आमचं आहे, स्टँडर्डचं नाही" असं त्यांनी सांगितलंच होतं म्हणा, पण व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ येईपर्यंत त्यांच्याकडे अंडरस्कोर नसलेलं एसएनप्रिंटएफ नव्हतंच. मग लोकांनी काय केलं? हेडरमध्ये (सगळ्या कोडाला जोडली जाणारी फाईल) एक ओळ टाकली:

#डिफाईन एसएनप्रिंटएफ _एसएनप्रिंटएफ

म्हणजे पहिलं नाव दिसलं की त्याच्या जागी दुसरं वाचा. झालं, कंपाइल झालं, गाडी चालली. ही ओळ म्हणजे ह्या सगळ्या लफड्याची आई आहे. माझ्या मते सीमधल्या पोर्टेबिलिटीतली सर्वात महागडी एक ओळ हीच असावी, कारण तिने फक्त नावाचा प्रश्न सोडवला आणि वागण्याचा प्रश्न नजरेआड केला. नंतर मायक्रोसॉफ्टनेच नवीन हेडरमध्ये अशी व्यवस्था केली की असा मॅक्रो, म्हणजे नावाची अशी अदलाबदल, आधीच दिसला तर कंपायलर एरर देऊन थांबतो, त्यामुळे जुना प्रोजेक्ट नवीन व्हिज्युअल स्टुडिओत उघडला की पहिली बोंब ह्याच ओळीची होते. ती एरर आली तर वैतागू नका, ओळ उडवा.

आणखी एक बारीक गोष्ट, व्हीएसएनप्रिंटएफ हे नाव मात्र जुन्या मायक्रोसॉफ्टमध्येही अंडरस्कोरशिवाय होतं, पण ते वागायचं अंडरस्कोरवाल्यासारखं. म्हणजे नाव सापडलं म्हणून खूश होऊ नका. बिल्डच्या स्क्रिप्टा "हे फंक्शन आहे का" एवढंच तपासतात तेव्हा त्या अर्धंच काम करतात, खरा प्रश्न "हे कसं वागतं" हा असतो, आणि तो छोटा प्रोग्राम चालवूनच कळतो, जो क्रॉस कंपाइल करताना, म्हणजे एका सिस्टिमवर बसून दुसरीसाठी कंपाइल करताना, चालवता येत नाही. असो.

उपाय काय, तर सगळ्या प्रोजेक्टमध्ये ह्या फंक्शनांना थेट कोणीच हात लावायचा नाही, एक आपलं स्वतःचं फंक्शन लिहायचं, त्याचा करार आपण ठरवायचा आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. करार साधा ठेवा: जागा शून्याहून मोठी असेल तर शेवटी शून्य बाइट येणारच, परत येणारा आकडा म्हणजे किती लांबी लागली असती ती, आणि उणे आकडा म्हणजे खरोखर काहीतरी बिघडलं. लिनक्स, मॅक आणि नवीन विंडोजवर हे फंक्शन आत नुसतं व्हीएसएनप्रिंटएफला बोलावतं. जुन्या विंडोजसाठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरच्या आवृत्तीचा आकडा _एमएससी_व्हीईआर १९०० पेक्षा कमी असेल तर, _व्हीएसएनप्रिंटएफ_एस हे _ट्रंकेट सोबत बोलवायचं, ते कापतं पण शून्य ठेवतं, आणि त्याने उणे १ दिलं तर _व्हीएससीप्रिंटएफ ला विचारायचं की बाबा एकूण लांबी किती झाली असती. आठ-दहा ओळींचं काम आहे.

पण इथेच एक भोवरा आहे. फंक्शनला किती आर्ग्युमेंट (साच्यात भरायच्या वस्तू) येतील हे आधी माहीत नसतं तेव्हा ती सगळी व्हीए_लिस्ट नावाच्या वस्तूतून पुढे पाठवतात, आणि बरेच जण करतात काय, की आधी जागा ० देऊन लांबी विचारतात, मग तेवढी मेमरी घेतात आणि तीच व्हीए_लिस्ट वापरून दुसऱ्यांदा खरं लिहितात. विंडोजवर व्हीए_लिस्ट म्हणजे साधा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असतो, त्याची कॉपी पाठवली जाते, म्हणून हे चालून जातं. ३२-बिट इंटेलच्या लिनक्सवरही चालून जायचं. ६४-बिट इंटेलच्या लिनक्सवर मात्र ती एका स्ट्रक्चरचा ॲरे असते, ॲरे पाठवला की मूळ वस्तूच पाठवली जाते, म्हणून पहिल्या फेरीत ती पुढे सरकलेली असते आणि दुसऱ्या फेरीत फंक्शन भलतीकडचंच वाचतं. म्हणजे ह्या वेळी उलटं, "विंडोजवर तर चालते!" सी९९ मध्ये ह्याचसाठी व्हीए_कॉपी दिलं आहे, प्रत्येक फेरीला वेगळी कॉपी काढा, काम झालं की व्हीए_एंड करा. मघाशी जे जुन्या विंडोजचं सांगितलं त्यात दोन फेऱ्या आहेत, तिथे पॉइंटर आहे म्हणून निभतं, आणि तिथल्या जुन्या कंपायलरांकडे व्हीए_कॉपी नसायचंही.

हे दोन फेऱ्यांचं काम एकाच फंक्शनात करून देणारं एएसप्रिंटएफ ग्लिबसी आणि बीएसडीवाल्यांकडे कधीपासून आहे, मेमरीही तेच घेतं, तुम्ही फक्त नंतर फ्री करायचं. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या स्टँडर्डने, त्याला २०२४ च्या आवृत्तीत घेतलं. विंडोजच्या लायब्ररीत ते नाही, पण वरचं आपलं फंक्शन असेल तर आपलंच एएसप्रिंटएफ पाच मिनिटांत होतं. एक सांभाळा, मेमरी मिळाली नाही तर पॉइंटरमध्ये काय राहील ह्याची ग्लिबसी पूर्वीपासून हमी देत आली नव्हती, फ्रीबीएसडी नल (कुठेच न जाणारा पॉइंटर) ठेवतं, तेव्हा पॉइंटर पाहू नका, परत आलेला आकडा पाहा.

आकडा पाहा म्हटलं तर आता ती ओळ पाहू जी जवळपास प्रत्येक जुन्या प्रोजेक्टमध्ये सापडते. पावतीच्या एकाखाली एक ओळी एकाच बफरमध्ये जोडायच्या असतात तेव्हा लोक लिहितात:

पोझ += एसएनप्रिंटएफ(बफ + पोझ, साईझ - पोझ, साचा, नाव, वजन);

दिसायला किती छान. पण सी९९ प्रमाणे परत येणारा आकडा "लिहिलं किती" नाही, "लिहायचं होतं किती" आहे. म्हणजे जागा संपली त्या दिवशी पोझ हा साईझच्या पुढे निघून जातो, मग साईझ वजा पोझ हे उणे यायला पाहिजे, पण साईझ_टी ह्या मापाच्या टाइपमध्ये उणे नसतंच, तो गोल फिरून एक राक्षसी मोठा आकडा होतो, आणि पुढची फेरी एसएनप्रिंटएफला सांगते की घे बाबा, अमर्याद जागा आहे, लिही. जे फंक्शन ओव्हरफ्लो होऊ नये म्हणून आणलं त्याच्याच हातून ओव्हरफ्लो! आणि जुन्या विंडोजवर तोच कोड उणे १ जोडतो म्हणजे एक बाइट मागे सरकतो, तिथे वेगळाच तमाशा. लिनक्स कर्नलवाल्यांनी ह्याच्यासाठी एससीएनप्रिंटएफ नावाचं वेगळं फंक्शन ठेवलं आहे जे खरोखर लिहिलेले बाइटच सांगतं. आपल्या लायब्ररीत आपणही एक "जोडा" फंक्शन ठेवावं, जे बफर, साईझ आणि पोझ एका स्ट्रक्चरमध्ये सांभाळेल आणि एकदा भरलं की भरलं असा झेंडा लावून ठेवेल. आणि हो, बफमध्ये असलेलाच मजकूर परत बफमध्येच "%एस" ने ओतायचा, म्हणजे एकच जागा दोन्हीकडे द्यायची, हा शॉर्टकट कुठे चालतो कुठे नाही, स्टँडर्डने तो अनडिफाइंड, म्हणजे काहीही होऊ शकतं असा, म्हणून सोडला आहे, त्याच्या नादी लागू नका.

इथपर्यंत फक्त जागेचं झालं. साच्यातली अक्षरं हा दुसरा अड्डा.

लाँग हा पूर्णांकाचा टाइप ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर ६४ बिटचा असतो, ६४-बिट विंडोजवर मात्र ३२ बिटचाच ठेवला आहे. आता फाईलची साईझ, जी साईझ_टी मध्ये आहे, ती कोणी "%एलयू" ने छापली. लिनक्सवर आयुष्यभर बरोबर. ६४-बिट विंडोजवरही बरोबरच दिसणार, कारण प्रत्येक आर्ग्युमेंटला ८ बाइटचा कप्पा मिळतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग वाचला जातो, लहान आकडा असेल तर तोच पूर्ण आकडा. ४ जीबीच्या वर गेलं की वरचा अर्धा भाग गायब. ५ जीबीची फाईल म्हणजे ५३६८७०९१२० बाइट, छापून येईल १०७३७४१८२४, म्हणजे बरोबर १ जीबी. चूक इतकी गोजिरी की कोणाला शंकाही येत नाही, लोक फाईल अर्धवट कॉपी झाली म्हणून नेटवर्कवाल्याला फोन करतात. ३२-बिट मशीनवर तर ६४ बिटचा आकडा "%डी" ने छापला की उरलेला अर्धा भाग पुढच्या "%एस" च्या वाट्याला जातो, आणि मग प्रोग्राम जागीच आडवा.

साईझ_टी साठी बरोबर अक्षरं "%झेडयू", तीही सी९९ ची देणगी, पण जुन्या मायक्रोसॉफ्ट रनटाईमला ती कळत नसत, तिथे "%आययू" आणि ६४ बिटसाठी "%आय६४डी" असा त्यांचा घरगुती मामला होता. २०१५ नंतरच्या यूसीआरटी ह्या त्यांच्या नव्या रनटाईममध्ये हे सगळं सुधारलं. मिंगडब्ल्यू (विंडोजवर जीसीसी कंपायलर चालवायचा संच) वापरणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं, कारण कंपायलर जीसीसी असला तरी आत जुनी एमएसव्हीसीआरटी डीएलएल असू शकते, मग जीसीसी म्हणतो बरोबर आहे आणि डीएलएल म्हणते मला नाही माहीत. त्याच्यासाठी __यूज_मिंगडब्ल्यू_अँसी_एसटीडीआयओ हा मॅक्रो आहे, नाहीतर सरळ यूसीआरटीवाला बिल्ड घ्या, मी तेच सांगेन. तिथे लाँग डबल हा दशांशाचा टाइपही एक भूत आहे, मिंगडब्ल्यूच्या जीसीसीसाठी तो ८० बिटचा, मायक्रोसॉफ्टसाठी ६४ चा, छापायला गेलं की काहीही येतं.

नक्की रुंदीचे टाइप, इंट६४_टी वगैरे, छापायला इनटाइप्स हेडरमधले पीआरआयडी६४, पीआरआययू६४ असे मॅक्रो आहेत. साच्याच्या मध्येच अवतरण बंद करून मॅक्रो घुसवायचा आणि परत अवतरण उघडायचं, दिसायला भंगार आहे हे मान्य, पण सगळीकडे चालतं. सी२३ मध्ये "%डब्ल्यू६४डी" असं सरळ लिहायची सोय आली, पण जुनी सिस्टिम सांभाळायची असेल तर सध्या त्याच्या भरवशावर राहू नका. टाइम_टी, पिड_टी, ऑफ_टी ह्यांची तर स्वतःची अक्षरंच नाहीत, त्यांना इंटमॅक्स_टी मध्ये कास्ट करून "%जेडी" ने छापा.

बाकी किरकोळ यादी पटापट. "%पी" ने पत्ता छापला तर ग्लिबसी ०एक्स लावते, मायक्रोसॉफ्ट लावत नाही आणि मोठ्या लिपीत शून्यं भरून छापते, म्हणून लॉग पार्स करणारी स्क्रिप्ट "%पी" वर कधी बांधू नका. जुनं मायक्रोसॉफ्ट घातांक तीन अंकी छापायचं, १ई+००५, बाकी जग १ई+०५, आणि इन्फिनिटीला १.#आयएनएफ म्हणायचं, हेही २०१५ मध्ये गेलं. "%एस" ला नल दिलं तर ग्लिबसी बिचारी कंसात नल असं छापून सांभाळून घेते, सोलारिस पूर्वीपासून तिथेच क्रॅश होण्यासाठी प्रसिद्ध, आणि गंमत म्हणजे जीसीसी "%एस" आणि नवी ओळ एवढाच साचा पाहिला तर प्रिंटएफच्या जागी पुट्स टाकून देतो, मग ग्लिबसीवरही क्रॅश. "%एन" तर विसरूनच जा, ते मेमरीत लिहितं म्हणून हल्लेखोरांचं लाडकं आहे, मायक्रोसॉफ्टने ते मुळातच बंद ठेवलं आहे आणि इतरांनीही त्याच्या नाकात वेसण घातली आहे.

आता लोकेल, म्हणजे देश आणि भाषेप्रमाणे आकडे दाखवायची सेटिंग, ह्याच्यावर थोडं जास्त बोलायला पाहिजे कारण आपल्याकडे हे लवकर दिसत नाही. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा "सी" लोकेल असतं, म्हणजे दशांशाला टिंब. कोणी सेटलोकेल बोलावलं आणि मशीन जर्मन सेटिंगवर असेल तर "%.२एफ" तुम्हाला ३.१४ च्या जागी ३,१४ देईल. तुम्ही नाही बोलावलं तरी जीटीकेसारखी जीयूआय लायब्ररी सुरू होतानाच बोलावते. स्क्रीनवर दाखवायला ते बरोबरच आहे, पण तोच मजकूर जेसन किंवा सीएसव्ही असल्या मशीनने वाचायच्या फाईलमध्ये गेला की समोरचा प्रोग्राम ३ आणि १४ असे दोन कॉलम वाचतो. नागपुरात बसून टेस्ट केलं तर हे दिसणारच नाही, टिंबच येतं इथे, बाहेरच्या गिऱ्हाईकाकडे गेल्यावर बोंब. म्हणून मशीनने वाचायचा आकडा आणि माणसाने वाचायचा आकडा ह्यांचे रस्ते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. पैसे असतील तर पैशातच ठेवा, पूर्णांकात, छापताना १०० ने भागून दोन भाग "%डी.%०२डी" असे छापा, उणे रकमेचं चिन्ह तेवढं वेगळं सांभाळा, लोकेलचा संबंधच संपला.

उलट बाजूने, आपल्याला १२,३४,५६७ असे लाख-कोटीचे स्वल्पविराम पाहिजेत. पॉझिक्समध्ये टक्क्याच्या पुढे एकेरी अवतरण टाकायची सोय आहे, ग्लिबसीवर ईएन_आयएन लोकेल लावलं की खरंच लाखाच्या हिशोबाने स्वल्पविराम पडतात, पाहून बरं वाटतं. विंडोजचं प्रिंटएफ हे चिन्हच ओळखत नाही. शेवटचे तीन अंक, मग दोन-दोन, हे स्वतः लिहायला पंधरा ओळी लागतात, स्वतः लिहा.

देवनागरीची खास आपली अडचण म्हणजे रुंदी. "%-२०एस" म्हटलं की एसएनप्रिंटएफ २० बाइटपर्यंत रिकाम्या जागा भरतं, २० अक्षरांपर्यंत नाही. "नागपूर" चे १८ बाइट झाले म्हणून दोनच स्पेस पडतात, इंग्रजीत लिहिलेल्या नागपूरला सहाच अक्षरं म्हणून चौदा पडतात, आणि पावतीचे कॉलम वेडेवाकडे. हे कोणत्याच सिस्टिमचं वैशिष्ट्य नाही, सगळीकडे असंच आहे, पण लोक विंडोजला शिव्या देतात. मात्रा आणि उकार वेगळी जागा घेत नाहीत, जोडाक्षर फॉन्टवर अवलंबून, त्यामुळे कॉलम लावायचं काम साच्यावर सोडूच नका, छापणाऱ्या भागाकडे द्या.

कापण्याचंही तसंच. मघाचीच केस, जागा १८, म्हणजे १७ बाइट लिहिले, "नागपू" चे १५ आणि "र" चे पहिले दोन. तो अर्धा "र" यूटीएफ-८ म्हणून अवैध आहे, डेटाबेस तो नाकारेल किंवा स्क्रीनवर डबा दिसेल. म्हणून आपल्या फंक्शनमध्ये कापलं गेलं हे कळलं की शेवटून मागे यायचं, ज्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ० असतात ते मधले तुकडे असतात, ते सोडत चिन्हाच्या पहिल्या बाइटपर्यंत पोहोचायचं आणि चिन्ह अपुरं असेल तर तोही उडवायचा. एवढं केलं तरी "क्ष" मधला हलंत लटकत राहू शकतो, कारण त्यात क, हलंत आणि ष अशी तीन चिन्हं, ९ बाइट आहेत, पण निदान फाईल तरी खराब होत नाही.

भाषांतर करणार असाल तर अजून एक. इंग्रजी वाक्यात आधी माणूस, मग क्रियापद, मग फाईल येते, मराठीत कधी कधी फाईल आधी घ्यावी लागते, म्हणजे साच्यातल्या दोन "%एस" ची अदलाबदल. पॉझिक्समध्ये "%२$एस" असा क्रमांक देता येतो. सी च्या स्टँडर्डमध्ये हे नाही आणि मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी _प्रिंटएफ_पी हे वेगळंच खानदान काढलं. गेटटेक्स्ट ही भाषांतराची लायब्ररी विंडोजवर स्वतःचं प्रिंटएफ आणते ते ह्याच्यासाठीच.

मग कोणी म्हणेल, एवढं सगळं असेल तर स्वतःचं आख्खं फॉरमॅटिंगच लिहून टाकू ना. मोठ्यांनी तेच केलं आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस स्वतःचं घेऊन फिरतो, त्यात एसक्यूएलसाठी "%क्यू" सारखी स्वतःची अक्षरंही आहेत (आणि त्याच्या एसएनप्रिंटएफमध्ये लांबी आधी आणि बफर नंतर, हे विसरला तर गेले कामातून). पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस स्वतःचं वापरतो, डाउनलोड करणाऱ्या कर्लमध्येही स्वतःचं आहे. पण दशांशाचे आकडे बरोबर छापणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, ते हाताने लिहायला जाऊ नका, तयार आणि घासून-पुसून झालेला कोड घ्या. छोट्या बोर्डांवर तर दुसरंच, आर्डुइनो उनोवर एव्हीआरच्या लायब्ररीत "%एफ" मुळात बंद असतं, तिथे आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह छापून येतं, आणि इंजिनिअरिंगची पोरं रात्रभर सेन्सर बदलत बसतात.

दोन-तीन माणसांच्या टीमला माझ्या मते आपलं पातळ आवरण आणि खाली यूसीआरटी किंवा ग्लिबसी एवढं पुरतं. फक्त ह्या आवरणावर जीसीसी आणि क्लँग ह्या कंपायलरांसाठी फॉरमॅट ॲट्रिब्यूट (साचा तपासा असं सांगणारी खूण) लावायला विसरू नका, नाहीतर साचा आणि आर्ग्युमेंट जुळतात का हे कंपायलर तपासायचं बंद करतो आणि तुम्ही होता त्याच्याहून वाईट जागी जाता. मिंगडब्ल्यूवर तो ॲट्रिब्यूट जीएनयू_प्रिंटएफ असा लिहावा लागतो, नुसतं प्रिंटएफ लिहिलं तर तो मायक्रोसॉफ्टच्या जुन्या हिशोबाने तपासू शकतो आणि "%झेडयू" वर उगाच ओरडतो. -डब्ल्यूफॉरमॅट=२ ही वॉर्निंगची सेटिंग चालू ठेवा, आणि बाहेरून आलेला मजकूर साचा म्हणून कधीच देऊ नका, नाव छापायचं असलं तरी "%एस" लिहूनच.

टेस्टसाठी वेगळं डोकं लावायची गरज नाही, "नागपूर" हाच शब्द घ्या आणि जागा ०, १, १०, १७, १८, १९ आणि २० देऊन आपल्या फंक्शनला प्रत्येक सिस्टिमवर चालवा. प्रत्येक वेळी बफर आधी एक्स ने भरून घ्या, म्हणजे सांगितलेल्या जागेच्या पुढचा एक्स हलला का ते दिसतं. परत येणारा आकडा सातही वेळा १८ आला पाहिजे, १ पासून पुढे शून्य बाइट सापडलाच पाहिजे, १७ आणि १८ ला "नागपू" च्या पुढे अर्धा "र" दिसायला नको, आणि जागा ० असताना एकही एक्स हलायला नको. गिऱ्हाईकाच्या काउंटरवरचं ते जुनं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये मिळालं तर तिथे हीच टेस्ट आधी चालवा, बाकी ठिकाणी नंतर चालवली तरी चालते.